पायथन भाषेच्या अनेक प्रती आणि पूरक पॅकेजांचे व्यवस्थापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिली. आज ती संगणकशास्त्र विभागापुरती मर्यादित राहिलेली नाही. अर्थशास्त्रातील आकडेवारी, वनस्पतिशास्त्रातील वर्गीकरण, भाषाशास्त्रातील शब्दगणना अशा नाना कामांसाठी संशोधक तिचा आधार घेतात. मात्र यांपैकी बहुतेकांचे काम मूळ भाषेपेक्षा तिला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या पॅकेजांवर अधिक चालते. नम्पाय, पांडाज, सायकिट-लर्न ही त्यांतील परिचित नावे होत. ही पॅकेजे संगणकावर नेमकी कोठे जाऊन बसतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात, एकाच संगणकावर पायथनच्या एकाहून अधिक प्रती नांदत असताना पॅकेजांची व्यवस्था कशी लावली गेली, याची चिकित्सा केली आहे. साधने अपुरी आहेत, असा आक्षेप या व्यवस्थेवर नेहमी घेतला जातो. वस्तुतः साधनांची कमतरता कधीच नव्हती. पॅकेजांच्या फोल्डरवर मालकी कोणाची, हे दीर्घकाळ कोणी ठरवलेच नाही, आणि खरा दोष तेथे आहे.

प्रतींची बहुलता :

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत पायथन आधीपासूनच असते, कारण त्या वितरणांची स्वतःची काही साधने याच भाषेत लिहिलेली असतात. त्यावर वापरकर्ता अधिकृत संकेतस्थळावरून दुसरी प्रत घेतो आणि अ‍ॅनाकोंडाबरोबर तिसरी येते. प्रत्येक प्रतीचा 'साइट-पॅकेजेस' नावाचा फोल्डर स्वतंत्र असतो. ३.११ वरून ३.१२ या आवृत्तीवर गेलेल्या वापरकर्त्याला आपली सर्व पॅकेजे नाहीशी झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती जुन्या प्रतीच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी असतात.

ही विभागणी लहरीपणाने केलेली नाही. नम्पायसारख्या पॅकेजांचा मोठा भाग सी भाषेत लिहून यंत्रभाषेत रूपांतरित केलेला असतो, आणि ते रूपांतर सामान्यतः पायथनच्या एका विशिष्ट आवृत्तीपुरतेच उपयोगी पडते. तेव्हा प्रती वेगळ्या असणे आणि त्यांचे फोल्डर वेगळे असणे, या दोन्ही गोष्टी समर्थनीय ठरतात.

समर्थन करता येत नाही ते 'पिप' या आज्ञेचे. पॅकेज आणून बसवण्याचे हे सर्वमान्य साधन, पण आपण कोणत्या प्रतीचे आहोत हे ते नावावरून सांगत नाही. संगणकाच्या शोधक्रमात जी प्रत आधी सापडेल तिची पिप चालते. परिणामी पॅकेज एका प्रतीत बसते, प्रोग्रॅम दुसऱ्या प्रतीने चालवला जातो आणि 'मोड्यूल सापडले नाही' असा संदेश येतो. मग विद्यार्थी तीच आज्ञा पुन्हा देतो. पॅकेज आधीच बसवलेले आहे, असे उत्तर त्याला मिळते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असतात! प्रोग्रॅम ज्या प्रतीने चालवायचा तिच्याच मार्फत पिप चालवणे, हा यावरील सरळ उपाय आहे आणि भाषेच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही तो दिलेला आहे. मात्र शिकवताना आखूड आज्ञाच अधिक रूढ झाली आहे.

मालकीचा प्रश्न :

पॅकेजे बसवण्याची 'डिस्टयूटिल्स' ही पहिली प्रमाणित सोय २००० मध्ये भाषेत आली. २००४ मधील 'ईझी-इन्स्टॉल'ने पॅकेज जालावरून आपोआप आणण्याची सोय केली, पण बसवलेले पॅकेज काढून टाकण्याची आज्ञाच त्यात नव्हती. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी 'व्हर्च्युअलएन्व्ह' आणि २००८ मध्ये पिप तयार केले. प्रत्येक प्रकल्पाला पॅकेजांचा स्वतःचा फोल्डर देणे, म्हणजेच आभासी परिवेश निर्माण करणे, ही व्हर्च्युअलएन्व्हमागील कल्पना. २०१२ मधील ३.३ आवृत्तीपासून अशी सोय मूळ भाषेतच समाविष्ट झाली. परंतु तिचा वापर ऐच्छिक ठेवला गेला. काहीही न सांगता दिलेली आज्ञा सामाईक प्रतीतच पॅकेज बसवत राहिली.

येथे पर्ल भाषेशी तुलना उद्बोधक ठरते. पर्लमध्ये भाषेची स्वतःची मोड्यूले, वितरकाने दिलेली मोड्यूले आणि वापरकर्त्याने बसवलेली मोड्यूले यांच्यासाठी तीन वेगळे फोल्डर योजलेले आहेत. त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या हातून पुसली जाण्याचा धोका टळतो. शिवाय १९९५ पासून चालत आलेल्या 'सीपॅन' भांडाराच्या साधनात, एका प्रतीत बसवलेल्या मोड्यूलांची यादी करून ती दुसऱ्या प्रतीत बसवण्यासाठी वापरण्याची आज्ञाही आहे. पायथनने वितरकासाठी वेगळी जागा ठेवली नव्हती. अखेर डेबियनने स्वतःच्या पॅकेजांसाठी 'डिस्ट-पॅकेजेस' हा निराळा फोल्डर स्वतः योजला. तरीही शोधक्रमात वापरकर्त्याचा फोल्डर आधी येत असल्याने, त्याने प्रशासकीय अधिकार वापरून बसवलेले नवे पॅकेज कार्यप्रणालीच्या जुन्या पॅकेजाला झाकून टाकी आणि तिची साधने बंद पडण्याचा प्रसंग येई.

पीईपी ६६८ या प्रस्तावाने मालकीचा प्रश्न प्रथम स्पष्ट शब्दांत मांडला. पायथनची एखादी प्रत बाहेरून व्यवस्थापित आहे, अशी खूण करणारी फाइल वितरकाने ठेवावी आणि ती दिसताच पिपने पॅकेज बसवण्यास नकार द्यावा, अशी ही योजना आहे. जानेवारी २०२३ मधील पिप २३.० ने ती स्वीकारली. जून २०२३ मधील डेबियन १२ ने ती अमलात आणली. नकार डावलण्यासाठी जो पर्याय द्यावा लागतो त्याचे नावच 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस', म्हणजे 'कार्यप्रणालीची पॅकेजे मोडा', असे आहे. इतके प्रामाणिक नामकरण संगणकक्षेत्रात विरळाच. तथापि ही योजना अर्धवट आहे. खुणेची फाइल नसलेल्या प्रतींना, उदाहरणार्थ विंडोजवर अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रतीला, तिचे संरक्षण नाही. प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच पॅकेजे ठेवण्याचा पीईपी ५८२ हा २०१८ चा प्रस्ताव २०२३ मध्ये नाकारण्यात आला. जावास्क्रिप्टच्या जगात 'एनपीएम'ने हीच पद्धत मूळ रीत म्हणून रुळवलेली असताना, तिचा मार्ग येथे बंद व्हावा हे खेदजनक आहे.

संशोधनाची पडताळणी :

येथपर्यंतची चर्चा केवळ गैरसोयीची वाटू शकेल. परंतु सायकिट-लर्नचे एक उदाहरण पाहावे. या पॅकेजातील 'रँडम फॉरेस्ट' पद्धतीत निर्णयवृक्षांची संख्या सांगितली नाही, तर पूर्वी १० वृक्ष गृहीत धरले जात. डिसेंबर २०१९ मधील ०.२२ आवृत्तीपासून ही संख्या १०० झाली. त्याच आवृत्तीत 'लॉजिस्टिक रिग्रेशन'ची गृहीत गणनपद्धतीही बदलली. आधीच्या आवृत्त्यांनी या बदलांची पूर्वसूचना दिली होती, हे मान्य करावे लागेल. पण प्रयोगशाळेतील प्रतीत जुनी आणि घरच्या प्रतीत नवी आवृत्ती असेल, तर एकच प्रोग्रॅम त्याच डेटावर निराळी उत्तरे देऊ शकतो, आणि दोन्हीकडे तो विनातक्रार चालतो. पांडाजने २.० आवृत्तीत 'अपेंड' ही सोय काढून टाकली तेव्हा जुने प्रोग्रॅम थांबले. त्यांतील दोष निदान दिसला तरी. न थांबता बदललेले उत्तर मात्र प्रबंधाच्या तक्त्यात जाऊन बसते.

यावर 'पिप फ्रीझ' आज्ञेने मिळणारी यादी परिशिष्टात जोडावी, असे सुचवले जाते. ही यादी उपयुक्त आहे, पण संशोधकाने मागितलेली पॅकेजे कोणती आणि त्यांच्यामागून आलेली कोणती, हा भेद ती करत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे ती पायथनच्या कोणत्या आवृत्तीतून घेतली, याची नोंदच तिच्यात नसते. नम्पाय १.१९.५ ही आवृत्ती पायथन ३.६ ते ३.९ साठी होती. ही नोंद असलेली यादी घेऊन कोणी ती पायथन ३.१२ मध्ये बसवू गेल्यास तयार पॅकेज मिळत नाही. मूळ सी भाषेतून ते नव्याने घडवण्याचा प्रयत्नही फसतो, कारण त्यासाठी लागणारे डिस्टयूटिल्स ३.१२ मधून वगळलेले आहे. पायथनची आवृत्तीही नोंदवू शकणारे प्रमाणित रूप २०२५ मध्ये पीईपी ७५१ ने मान्य झाले. त्यापूर्वी केवळ पिप फ्रीझची यादी जोडून सादर झालेल्या प्रबंधांच्या बाबतीत, त्या वेळची प्रत कोणती होती, हे संशोधकालाच विचारावे लागते.