विधवेचे दान आणि आपले वाचन

मंदिरातील दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचा प्रसंग (मार्क १२:४१-४४) हा दानधर्मावरील प्रवचनांचा हक्काचा दाखला होऊन बसला आहे. परंतु त्याच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कोरडे ओढले आहेत आणि लगेच नंतर त्याच मंदिराच्या विध्वंसाचे भाकीत केले आहे. या संदर्भाच्या आधारे ॲडिसन राइट या अभ्यासकाने १९८२ साली विचारले होते : येशूचे हे उद्गार स्तुतीचे की विलापाचे? शिष्यांनी तिचे अनुकरण करावे, असे येशू कोठेही म्हणत नाही.

उपासनेच्या 'ब' वर्षात, सामान्यकाळातील बत्तिसाव्या रविवारी या उताऱ्याचे दीर्घ व संक्षिप्त असे दोन पर्याय असतात. संक्षिप्त वाचनात शास्त्री गळतात, विधवा तेवढी उरते. सभागृहासाठी निधी जमवण्याच्या वर्षी मी संक्षिप्त वाचन घेतले. वेळ वाचावा म्हणून, असे मनाला सांगितले. मिस्सेनंतर मासळी विकणाऱ्या एक आजी पदराच्या गाठीतले पैसे घेऊन आल्या. मी ते घेतले, पावतीही फाडली. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली का, हे विचारले नाही. येरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागताना संत पौलाने ऐपतीचे माप घातले होते. देणाऱ्यावर ओझे पडू नये, हेही बजावले होते (२ करिंथ ८). ते मला ठाऊक होते.

तथापि राइट यांचे म्हणणे पूर्णतः स्वीकारले, तर ती विधवा निव्वळ बळी ठरते. हे मला पटत नाही. सारफथच्या विधवेचे पीठ सरले नाही. हिला तर तसले आश्वासनही नाही, आणि तरी ती देते. तिने जे दिले त्यासाठी मार्कने योजलेल्या 'बिओस' या ग्रीक शब्दात उपजीविका आणि जीवन हे दोन्ही अर्थ आहेत. मराठी भाषांतरातील 'उपजीविका' अर्ध्यावरच थांबते. काही दिवसांतच जो स्वतःचे जीवन देणार आहे, तोच तिचे दान ओळखतो. दानपेटीच्या रखवालदारांना ते दिसत नाही.

१० नोव्हेंबर २०२४ रोजी हे वाचन पुन्हा आले. मी दीर्घ पर्याय घेतला. शास्त्र्यांच्या लांब झग्यांविषयीचे वचन वाचताना माझाच झगा पायांत घोळत होता.