थोमाची पाठ : एका जर्मन हस्तिदंती फलकाविषयी

बर्लिनच्या बोडे संग्रहालयात एक हस्तिदंती फलक आहे. त्याची उंची सुमारे २४ सेंटिमीटर व रुंदी जेमतेम १० सेंटिमीटर. ख्रिस्ताची जखम स्वतः चाचपल्यावाचून त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही असे म्हणणारा शिष्य थोमा, जो केरळच्या ख्रिस्ती परंपरेमुळे आपणांसही परिचित आहे, हा त्याचा विषय होय. फलकाचे कर्तृत्व ‘एख्टरनाखचा शिल्पी’ या सांकेतिक नावाच्या अज्ञात कलावंताकडे दिले जाते, व त्याचा काळ सामान्यतः अकराव्या शतकाचा पूर्वार्ध मानतात.

या शिल्पीच्या भावोत्कटतेची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. तथापि ‘भावोत्कट’ म्हटल्याने शिल्पाचा उलगडा होत नाही. इतक्या चिंचोळ्या कोनाड्यात दोन पूर्णाकृती शेजारी शेजारी मावणे कठीण. म्हणून ख्रिस्त उंचावर उभा आहे व थोमा खालून त्याच्याकडे झेपावतो आहे. ख्रिस्ताने हात उचलून कूस उघडी केली आहे आणि मस्तक खाली झुकविले आहे. थोमाने मान इतकी मागे टाकली आहे की पाहणाऱ्याचीच मान अवघडावी! आणि त्याची पाठ आपल्याकडे आहे.

ही पाठच या फलकाचे मर्म होय. योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्त थोमास स्पर्शाचे आवाहन करतो. थोमाने प्रत्यक्ष स्पर्श केला असे तेथे म्हटलेले नाही. कलेत मात्र जखमेकडे जाणारा हात दाखविण्याची प्रथा जुनी आहे. ब्रिटिश संग्रहालयातील सुमारे इ. स. ४२०–३० च्या रोमन हस्तिदंती फलकावरही तो हात दिसतो. पण तो फलक आडवा आहे, भोवती इतर शिष्य आहेत, आणि आपण प्रसंग बाजूने पाहतो. बर्लिनच्या फलकात बाजूच उरलेली नाही. आपण थोमाच्या मागे, त्याच्याच रांगेत उभे असतो. साशंक शिष्याकडे बोट दाखविण्याची सोय शिल्पीने काढून घेतली आहे.

जोडीच्या फलकावर नियमशास्त्र स्वीकारणारा मोशेही असाच ऊर्ध्वमुख आहे. जुन्या व नव्या कराराची ही जुळणी अर्थपूर्ण खरी. परंतु प्रस्तुत लेखकास तो फलक किंचित उणा वाटतो. मोशेच्या ताणास वरून झुकून प्रतिसाद देणारा देह तेथे नाही.