दाराच्या आतला माणूस : मॉर्मन प्रचारकाची दिनचर्या वाचताना

आज आम्ही जे पुस्तक घेतलं आहे त्याला पुस्तक म्हणावं की नाही, इथूनच प्रश्न आहे. शर्टाच्या खिशात मावेल एवढी, पांढऱ्या वेष्टणाची एक पुस्तिका. नाव ‘मिशनरी हँडबुक’. अमेरिकेत ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ नावाचा पंथ आहे. आपण त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतो. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने तो स्थापन केला. त्याचं मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. या पंथाची सत्तर हजारांहून अधिक माणसं, बहुतेक सगळी पोरंपोरी, आत्ता या क्षणी जगभर पूर्णवेळ प्रचारक म्हणून फिरताहेत. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. पगार नाही. उलट खर्च स्वतःच्या शिलकीतून नाहीतर घरच्यांच्या खिशातून. पूर्वी मुलगा एकोणिसाचा आणि मुलगी एकविसाची लागे. २०१२ साली ती वयं अठरा आणि एकोणीस झाली. म्हणजे आपल्याकडे बारावीचा निकाल लागून कॅपच्या फेऱ्यांत जीव टांगणीला लागलेला असतो, ते वय.

या पोरांनी जगायचं कसं, ते ती पुस्तिका सांगते. २०१९ साली तिची जागा नव्या नियमपुस्तकाने घेतली, पण कित्येक पिढ्या या पांढऱ्या पुस्तिकेवर वाढल्या. आम्हाला ती वाचण्यासारखी वाटते, कारण तिच्यात ईश्वरशास्त्र फार थोडं आहे. आहे ते वेळापत्रक. साडेसहाला उठणं. व्यायाम, अंघोळ, न्याहारी. आठ वाजता एकट्याने धर्मग्रंथाचा अभ्यास, नऊला जोडीदाराबरोबर अभ्यास, दहाला घराबाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत, दुसऱ्या दिवसाची आखणी, रोजनिशी, साडेदहाला दिवा बंद. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट, घरी पत्र. सिनेमा नाही, टीव्ही नाही, कादंबरी नाही, पोहणंसुद्धा नाही. घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९च्या फेब्रुवारीपासून आठवड्याला एकदा बोलायची मुभा मिळाली. इथे समोर ज्यांची मुलं न्यू जर्सीत आणि सिएटलला आहेत त्या आयांनी क्षणभर कल्पना करून पाहावी. आणि हो, नाव. छातीवरच्या काळ्या पट्टीवर फक्त आडनाव, आणि त्याआधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि पदवी वडीलधाऱ्याची! (हशा)

हसा, पण इथेच त्या पुस्तिकेची ताकद आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो ते साधं आहे. माणूस शूर होतो तो शौर्याची कामं करून, न्यायी होतो तो न्यायाने वागून. आधी कृती, मग वृत्ती. पोराला रोज ‘वडीलधारा’ म्हणा, त्याच्याकडून रोज पहाटे उठवून घ्या, अनोळखी दार वाजवायला लावा, दिवसातून अनेकदा ‘नको’ ऐकायला लावा. दोन वर्षांनी घरी परततो तो खरंच थोडा वडीलधारा झालेला असतो. आमच्या मते संस्कारग्रंथ म्हणून ही पुस्तिका पहिल्या प्रतीची आहे. वारकऱ्याचा नेम काय निराळा असतो? एकादशी, माळ, वारी. तत्त्वज्ञान नंतर, आधी पाय चालते करा. एकोणिसाव्या वर्षी आम्ही आमच्या मुलांना क्लासच्या नोट्स देतो. हे लोक त्यांना जबाबदारी देतात. तुलना आम्हाला खटकली, आणि खटकावी.

आता जोडीदार. ‘कंपॅनियन’. एकट्याने फिरायचं नाही. जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. तो तुम्ही निवडायचा नाही, वरून नेमला जातो आणि काही आठवड्यांनी बदलूही शकतो. हे सख्य की पहारा? ॲरिस्टॉटलच मैत्रीबद्दल लिहिताना एक जुनी म्हण आठवतो, की पुरेसं मीठ एकत्र खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. इथे मीठ खाऊन होण्याच्या आत माणूस बदलतो. तरीही या जोड्यांतून जन्माची मैत्री झाल्याचं परतलेले प्रचारक सांगतात, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचं आम्हाला कारण दिसत नाही.

आमचा आक्षेप दुसरीकडे आहे. एवढं बारकाईने लिहिलेल्या या व्यवस्थेत दाराच्या आतला माणूस कुठे आहे? २००४ साली ‘प्रीच माय गॉस्पेल’ नावाचं मार्गदर्शक पुस्तक आलं. त्यात ऐका, प्रेम करा, समजून घ्या असं पुष्कळदा सांगितलं आहे. खरं आहे. पण आठवड्याच्या शेवटी वर कळवायचे ते आकडे : किती जणांना पाठ दिले, किती जण उपासनेला आले, किती जणांचा बाप्तिस्मा झाला. ज्याला शिकवायचं त्याला कित्येक वर्षं शब्द होता ‘इन्व्हेस्टिगेटर’. म्हणजे सत्याचा शोध घेणारा. अहो, त्याने फक्त दार उघडलं! कुकरची दुसरी शिट्टी झाली म्हणून तो गॅसकडे पाहत असेल. त्याला शोधक ठरवलं कुणी? त्याची स्वतःची श्रद्धा, त्याचं घर, बायकोशी झालेलं भांडण, वडिलांचं आजारपण हे सगळं त्या एका शब्दात पुसलं जातं. कांटच्या भाषेत माणूस साध्य मानावा, साधन नव्हे. इथे तो नकळत दुसऱ्याच्या साधनेचं साधन होतो. प्रचारकाचं चारित्र्य घडतं खरं, पण घडतं कुणाच्या उंबऱ्यावर?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर आपल्याच मुलखात येऊ. १८५२च्या सप्टेंबरात ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला. तीस वर्षांचा. तेव्हा पोरांना नव्हे, बायको घरी ठेवून आलेल्या गृहस्थांनाही पाठवत. मुंबईतल्या वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं. तो पुण्याला गेला तर कँटोन्मेंटच्या अधिकाऱ्यांनी हद्दीत प्रचार करायला मज्जाव केला. तरी त्याने पुण्यात छोटीशी शाखा उभी केली, मुख्यतः युरोपीय आणि मिश्र वंशाच्या लोकांची. त्याच सुमारास युटाहून आलेले ट्रुमन लेनर्ड आणि जेमतेम तेविशीतला अमोस मिल्टन मसर मुंबईला आले, पुढे कराचीकडे गेले. नियम असा की जवळ पैसा बाळगायचा नाही. लोक देतील ते खायचं, ठेवतील तिथे झोपायचं. माधुकरीच की! पण माधुकरी मागायची तर माधुकरी जाणणाऱ्याच्या दारात मागावी. ही मंडळी गेली साहेबांच्या बंगल्यांवर, आणि साहेबाला गोऱ्या माणसाने हात पसरणं म्हणजे स्वतःचीच बेअब्रू वाटे. त्यातच मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा १८५२ साली झाली आणि ती बातमी इथे पोचली. मग काय विचारता.

१८५५ साली फिंडलेने मुंबईत एक पुस्तिका छापली. तिच्या शीर्षकात ‘मराठ्यांना’ अशी हाक आहे. तीन वर्षांनंतर हाक मारली, आणि त्याच वर्षी तो देश सोडून गेला. आम्हाला त्याच्या श्रद्धेबद्दल शंका नाही, उन्हातान्हात त्याने हाल काढले. पण कुणाशी बोलायचं हे ठरवायलाच त्याची मुदत संपली. याउलट अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आला, मराठी शिकला, बायबलच्या मराठी भाषांतराला लागला आणि १८२६ साली नाशिकच्या बाजूला पटकीने वारला. त्या मिशनचे दोषही पुष्कळ आहेत, त्यावर स्वतंत्र बोलावं लागेल. पण राहिल्याशिवाय भाषा येत नाही, आणि भाषा आल्याशिवाय दाराच्या आतलं ऐकू येत नाही.

ते ऐकू येतं कुठे? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. गप्पा झाल्या. त्याने टिळकांना नवा करार दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. त्याने कुणाला आकडा कळवला नसावा. आपण रोज डोंबिवली लोकलमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर पेंगतो, तेव्हा ही गोष्ट आम्हाला हटकून आठवते. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

प्रचारकाच्या वहीत ही नोंद इथे संपली असती. लक्ष्मीबाईंचं पुस्तक मात्र इथून पेट घेतं. नवरा धर्म सोडून गेलेली ब्राह्मण बाई, पंढरपुरात नातेवाइकांच्या आधाराने काढलेले दिवस, पुढे नगरला नवऱ्याजवळ येऊनही सोवळं वेगळं, पाणी वेगळं, चूल वेगळी. तिला कुणी पाठ देत नाही. ती भांडते, रडते, टिळकांच्या विसरभोळेपणाची आणि उधळ्या दानतीची टर उडवते, आणि जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न स्वतःच्या अंथरुणात पडून स्वतःच सोडवते. तिचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पाच वर्षं! आठवड्याच्या अहवालात ही पाच वर्षं कोरी गेली असती, एक ओळही नाही. आमच्या मते मराठीत धर्मांतरावर एवढं प्रामाणिक लिहिलं गेलं त्याचं कारण हेच, की ते दार वाजवणाऱ्याने लिहिलेलं नाही.

आणि टिळक? दार वाजवणाऱ्यांच्या संस्थेत ते बावीस वर्षं राहिले, भजनं आणि अभंग लिहिले, कीर्तन ख्रिस्ती केलं. १९१७ साली त्यांनी मिशनचं वेतन सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. असा माणूस कुठल्या रकान्यात धरायचा, हे त्यांच्या मिशनमधल्या मित्रांनाही अवघड गेलं असणार.

वेळ झाला. लक्ष्मीबाईंचे सगळे भाग एका खंडात मिळतात, नसेल वाचलं तर पंढरपूरच्या प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल. आता प्रश्न घेऊ.