ध्वजवस्त्र आणि श्रममूल्य

वेशभूषेच्या लहान उद्योगांचे सामाजिक मूल्य कशात असते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा वस्त्राच्या जातकुळीत शोधले जाते. हातमागाचे ते शुद्ध, गिरणीचे ते अशुद्ध, अशी वाटणी एकदा केली म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला, असे मानण्याची आपली प्रवृत्ती आहे. ही वाटणी कितपत टिकते, हे पाहण्यास मराठवाड्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे राष्ट्रध्वजासाठी खादी विणली जाते, आणि नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिचे ध्वज तयार करते.

प्रथमदर्शनी या वस्त्राचा फॅशनशी काहीच संबंध दिसत नाही. फॅशन म्हटली की निवड आली. येथे निवडीला जागा नाही. ध्वजाचे मानक १९५१ सालीच निश्चित झाले. लांबी-रुंदीचे ३:२ हे प्रमाण, नऊ ठरावीक आकार, रंगांच्या छटा, विणीचा पोत हे सारे बांधून दिलेले आहे. खादीच्या सदऱ्यातील सुताचा जाडेभरडेपणा रसिकतेने स्वीकारला जातो. ध्वजवस्त्रात तोच दोष ठरतो. विणकराच्या अभिरुचीला येथे वाव नाही. तेव्हा या वस्त्राचे मूल्य केवळ प्रतीकाचे आहे, असे कोणी म्हटल्यास ते वरवर पाहता खरे वाटेल.

परंतु ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली, आणि हातकताई-हातविणाईच्या कापडाबरोबर यंत्रावर तयार झालेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही मान्यता मिळाली. पुढील वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहिमेत असे ध्वज घरोघरी पोहोचले. त्यांच्यापुढे लोक पूर्वीइतक्याच आदराने उभे राहिले. यातून निघणारा निष्कर्ष खादीच्या पुरस्कर्त्यांस अप्रिय वाटेल, पण तो टाळता येत नाही. प्रतीकाचे मूल्य आणि श्रमाचे मूल्य ही मुळातच दोन होती. नियमाने त्यांची गाठ घातली होती. नियम बदलताच ती सुटली. प्रतीक अक्षत राहिले, आणि कताई-विणाई करणाऱ्यांचा हक्काचा ग्राहक मात्र अनिश्चित झाला.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्वस्त ध्वज गरिबाच्या दारी लागणे, हेही लोकशाहीतील एक मूल्यच आहे. शिवाय हातश्रम म्हणजे आपोआप नीती, हा दावा पूर्वीही निर्विवाद नव्हता. चरख्याची यांत्रिक आवृत्ती माणसाचे मन बोथट करते, असा आक्षेप रवींद्रनाथांनी १९२५ मध्ये घेतला होता, आणि तो अद्याप निरुत्तर करणारा आहे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, या आक्षेपाला नव्हे, पण त्याहून निकडीच्या एका प्रश्नाला हात घातला. कातणाऱ्या स्त्रीला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, हे तत्त्व गांधीजींच्या आग्रहाने संघाने स्वीकारले. आमच्या मते खादीच्या इतिहासातील खरा नैतिक क्षण हाच होय. तोवर खादी नेसणाऱ्याची शुद्धी करीत होती. येथून पुढे ती कातणारीची देणेकरी झाली.

याच कसोटीवर आजचे लहान वस्त्रोद्योग तपासावेत. नांदेड-लातूरच्या बाजारपेठेतील शिवणकामाचे दुकान असो, तांड्यावरील बंजारा भरतकाम विकणारा गट असो, की 'पर्यावरणस्नेही' म्हणवणारे एखादे नवे वस्त्रदालन असो, त्याच्या जाहिरातीतील शब्द पाहून निर्णय देता येणार नाही. किमतीतील किती भाग टाका घालणाऱ्या हाती पडतो, काम नसलेल्या महिन्यांत तिचे काय होते, आणि दर ठरवताना तिला बोलता येते काय, हे विचारावे लागेल. लहानपण हा स्वतःच गुण नव्हे. चार माणसांच्या दुकानातही शोषण होऊ शकते, आणि ते ओळखीच्या, नात्याच्या आडोशाने होत असल्यामुळे अधिक सहज लपते. मात्र लहान उद्योगात करणारा आणि घेणारा यांची गाठ पडण्याची शक्यता असते, आणि त्याचे सामाजिक मूल्य या शक्यतेतच आहे. ती वापरली न गेल्यास ते मूल्य नाममात्र उरते.

उदगीरच्या मागाविषयी केवळ गौरवाने बोलणे सोपे आहे. तेथील विणकराला गौरवाहून नियमित मागणीची आणि रास्त मजुरीची गरज अधिक आहे. वस्त्राची नीती वस्त्रात नसते, त्याच्या किमतीच्या वाटणीत असते. आणि ही वाटणी तपासणे हे वेशभूषेच्या समीक्षेचे पहिले काम आहे.