लेटिस कर्टिस यांच्या लेखनातील ‘मी’

दुसऱ्या महायुद्धात लेटिस कर्टिस यांनी ब्रिटनच्या ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी’ या संस्थेत राहून कारखान्यांतील विमाने हवाईदलाच्या तळांवर पोहोचविली. त्यांत चार इंजिनांची बॉम्बफेकी विमानेही होती. ‘द फरगॉटन पायलट्स’ (१९७१) या ग्रंथात मात्र त्यांनी संस्थेचा इतिहास सांगितला. आत्मचरित्र २००४ मध्ये आले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’मध्येही (१९१०) निवेदिका मागे राहते. तथापि रमाबाई पतीच्या थोरवीआड उभ्या आहेत, तर कर्टिस स्वतःच्या कामाआड. या दोन्ही मौनांना ‘स्त्रीसुलभ संकोच’ असे एकच नाव देणे अन्यायाचे आहे. स्त्री-वैमानिकांना पुरुषांइतके वेतन देण्याचे तत्त्व या संस्थेत १९४३ मध्ये मान्य झाले. कर्टिस यांच्या ग्रंथाचे मूल्यमापनही याच समान मापाने व्हावयास हवे.