गोधडीची पाठ

आपल्या कथा-कादंबऱ्यांतील गोधडीला ऊब फार आणि टाके मुळीच नाहीत, ही माझी तक्रार आहे. आरोपींत पहिला मीच. माझ्या एका कादंबरीतील आई लेकीसाठी गोधडी शिवते. ‘मायेची ऊब’ एवढे लिहून मी मोकळा झालो. अँटॉप हिलमधील आमच्या शेजारच्या आजींनी ते प्रकरण वाचून विचारले, “मास्तर, पोटात काय घातलं तिनं? टाका कुठून धरला?” मी निरुत्तर!

त्यांनी आपली गोधडी उलटी अंथरली. वरखाली धड नऊवारी, मध्ये विरलेली धोतरे. धावदोरा जवळजवळ, म्हणजे धुताना आतल्या चिंध्यांचे गोळे होत नाहीत. ही नुसती माया नव्हे, वाचक हो, ही बुद्धी आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या. हा मान योग्यच. पण भिंतीवरच्या गोधडीची पाठ दिसत नाही. आमच्या पुस्तकांतही तेच होते.

त्या रात्री मी माझ्या आईची शेवटची गोधडी प्रथमच उलटून पाहिली. एका कडेला टाके तांदळाएवढे. पुढे लांब, वाकडे, एकमेकांवर चढलेले. तिची दृष्टी तेव्हाच अधू होत चालली होती. आम्हां कोणाला ते कळले नव्हते.

ते प्रकरण मी पुन्हा लिहीत आहे.