श्रुतींचे गणित आणि अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायनाविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात भक्ती पुष्कळ आणि विश्लेषण थोडे आढळते. त्यांचा स्वर 'सच्चा' होता असे बहुतेक लेखक सांगतात; तो सच्चेपणा कशाशी ताडून ठरविला, हे सांगण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

तो ताडून पाहण्याचा उद्योग एके काळी सातारा-सांगलीकडेच झाला होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्याचे न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी ते कार्य पुढे नेले. खाँसाहेबांनी या प्रयोगांस आपल्या कंठाचे साहाय्य दिले. त्यातून श्रुतींची हार्मोनियमही सिद्ध झाली. प्रत्येक श्रुती म्हणजे कंपनसंख्येच्या गुणोत्तराने बांधलेला एक अचल बिंदू, हे या सर्व खटाटोपामागील गृहीत होय.

खाँसाहेबांच्या अखेरच्या वर्षांतील ध्वनिमुद्रिका या गृहीताला दाद देत नाहीत. झिंझोटीतील 'पिया बिन' ही ठुमरी घ्यावी. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. किराणा घराण्याच्या संथ बढतीला तेथे वाव नाही. म्हणून जे उरले ते अत्यावश्यक तेवढेच. तीत न्यासाचा गांधार आणि मध्यमावरून मिंडेने उतरताना केवळ स्पर्शिलेला गांधार कानाला एकाच ठिकाणी लागत नाहीत. तरीही दोहोंना गांधार म्हणण्यास श्रोता कचरत नाही.

भाषाभ्यासकाला ही स्थिती परिचित आहे. 'अंत' आणि 'अंक' यांतील अनुनासिकांची उच्चारस्थाने भिन्न; पण मराठी भाषकाच्या लेखी दोन्हीकडे एकच टिंब. स्वनिम एक, स्वन अनेक. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. टिंबाच्या उच्चारातील भेद भाषकाच्या ध्यानीही येत नाही. गांधाराच्या स्थानातील भेद हाच रसिकाच्या आनंदाचा विषय असतो. हे सूक्ष्म भेद अर्थपूर्ण आहेत, इतके देवलांनी अचूक ओळखले. ते पट्ट्यांत कोंडता येतील, ही समजूत तेवढी फसली.

नाट्यपदांच्या बाबतीत निर्णय वेगळा द्यावा लागतो. 'मानापमान' (१९११) या नाटकाचे कर्ते खाडिलकर सांगलीचे, आणि योगायोगाने खाँसाहेबांच्याच जन्मवर्षाचे. त्यातील 'चंद्रिका ही जणू' खाँसाहेबांनी गायिले, तेव्हा स्वर अढळ राहिला; व्यंजने मात्र स्वरांच्या आसेत विरघळली. रंगभूमीवर शब्द ऐकण्याची सवय झालेल्याला ही ध्वनिमुद्रिका अपुरीच वाटेल, आणि ती तक्रार अरसिकपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

जयरझभॉय व स्टोन यांनी १९६३ साली यंत्राच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत निरनिराळ्या कलावंतांची स्वरस्थाने निरनिराळी आढळली. आज अशी मोजणी संगणकावर सहज होते. जुन्या तबकड्यांच्या फिरण्याचा वेग नेमका नसल्याने निरपेक्ष कंपनसंख्येला अर्थ नाही; वेग आद्यंत सारखा असल्यास षड्जाशी असलेले गुणोत्तर मात्र अबाधित राहते. मोजायचे ते तेवढेच, आणि तेही स्वर सुटा काढून नव्हे, त्याच्याकडे येण्याच्या वाटेसह.